आठ मिनिटांचे डॉक्टर

डॉक्टरांनी मला नोकरीवर घेताना टायपिंगची परीक्षा घेतली नाही. भाज्यांची घेतली.

मी बावीस वर्षांची, नुकतीच बी. ए. झालेली, टायपिंगचं सर्टिफिकेट मांडीवर घट्ट धरून बसलेली. समोर हे गृहस्थ. समोर म्हणजे खरं तर खाली. खोलीत एकच धड खुर्ची होती, तिच्यावर त्यांनी मला बसवलं होतं आणि स्वतः एका बुटक्या स्टुलावर बसले होते, गुडघे जवळजवळ हनुवटीला टेकवून. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "बाई, एक मिनिट आहे. जितक्या भाज्या आठवतील तितक्या सांगा. चला, सुरू."

मी सतरा सांगितल्या. त्यात गिलकी, म्हणजे घोसाळी, दोनदा आली. त्यांनी ते पेन्सिलीनं टिपून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे. सोमवारपासून या. टायपिंग तर येतंच असेल."

माझे वडील रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. घरी जाऊन हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वेड्यांच्या इस्पितळात वेडे आत असतात अशी माझी समजूत होती."

मध्य प्रदेश होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. आमचं इस्पितळ एका ट्रस्टचं, इंदूर शहराबाहेर, जेमतेम साठ खाटांचं. आता ते नाही. ट्रस्टच्या लेटरहेडवर अजून 'मध्य भारत' छापलेलं असायचं. त्यातला 'भारत' खोडून मी हातानं 'प्रदेश' लिहायची, हे माझं रोजचं पहिलं काम. दोन डॉक्टर होते. एक मोठे डॉक्टर, म्हणजे इस्पितळाचे मुख्य, आणि दुसरे हे. यांना पेशंट 'आठ मिनटवाले साब' म्हणत.

त्याचं कारण असं. दक्षिणेत कुठंसं शिकून परत येताना त्यांनी ट्रंकेत एक मोठी चाचणी आणली होती. स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाची स्मरणशक्ती, लक्ष, विचार करण्याचा वेग असं सगळं तिच्यात मोजायचं होतं. इंग्रजीत होती, चित्रं होती, ठोकळे होते, आणि पूर्ण व्हायला अडीच तास लागत. पहिला पेशंट पाऊण तासात झोपला. दुसरा जवळच्या बेटमा गावचा एक शेतकरी होता, तो मध्येच उठून ढोरांना पाणी दाखवायला निघाला, आणि त्याला परत बसवता बसवता दोन अटेंडंट दमले. तिसऱ्यानं मात्र अडीच तास निमूटपणे काढले आणि शेवटी विचारलं, "साब, मी पास झालो तर सोडणार का?"

डॉक्टर सांगायचे की त्या प्रश्नानंतर त्यांनी ट्रंक बंद केली ती केलीच. पुढची कितीतरी वर्षं ते स्वतःची चाचणी बनवत राहिले. मी तिथं गेले तेव्हा ती आठ मिनिटांवर आली होती. आठच का, असं मी विचारलं होतं. "आठ मिनिटांनंतर मी त्याचं डोकं नाही मोजत, त्याचा थकवा मोजतो," ते म्हणाले.

चाचणी दिसायला अगदी साधी. आठ शब्द वाचून दाखवायचे, दोरी, विहीर, बैल, चमचा असे, आणि परत म्हणायला सांगायचं. तेच शब्द तीनदा. मग काही आकडे सांगायचे, ते उलटे म्हणायचे. मग एक मिनिट भाज्या. मग एक पुठ्ठा, त्यावर कागदाच्या सहा चौकटी, त्यांत बटणं लावायची. आणि शेवटी पुन्हा ते आठ शब्द, न वाचता. बस. हे मराठीत, हिंदीत आणि माळवीत तयार होतं, आणि माळवी मला येत असल्यामुळे ते वाचायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं.

यातून काय कळतं, असं मोठे डॉक्टर त्यांना वरचेवर विचारत. त्या वेळी नव्या गोळ्या आल्या होत्या. जे लोक वर्षानुवर्षं भिंतीशी भांडत होते, ते महिन्या-दोन महिन्यांत शांत व्हायला लागले होते. मोठ्या डॉक्टरांना, आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाच, तो चमत्कार वाटत होता. आमचे डॉक्टर तेवढे म्हणत, "आवाज ऐकू येणं थांबलं, फार चांगलं झालं. पण घरी गेल्यावर त्याला कोणी आवाजांबद्दल विचारणार नाही. दळण आणलंस का विचारतील."

हे पुढे मला नीट समजलं. तेव्हा ते मला नुसते विक्षिप्त वाटायचे.

आजारी माणसाला आठातले तीन शब्द आठवले, तर ते कमी की ठीक, हे ठरवायचं तर धडधाकट माणसाला किती आठवतात हे माहीत हवं. म्हणून ते इंदूरभर लोकांची चाचणी घेत हिंडत. राहायला जुन्या इंदुरात होते. त्यांचे आजोबा संस्थानच्या पागेवर होते, आणि घराणं आता कारकुनीत आणि मास्तरकीत विखुरलं होतं. सकाळी सायकलवरून इस्पितळात येताना ते पोहे खायला थांबत आणि पोहेवाल्यालाच म्हणत, "भिया, एक मिनिट में जितनी सब्जियां याद आएं, बोल दो." तो कोथिंबीर चिरता चिरता बावीस सांगायचा. शेजारी उभ्या असलेल्या एका वकिलांना नऊच आल्या. डॉक्टर मला सांगत होते, "वकील घाबरले होते हो. घाबरला की माणूस कमी आठवतो. हेही लिहून ठेवा."

एकदा एका लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाच्या काकांना पकडलं. काका हेडमास्तर. पंगत बसायला वेळ होता, म्हणून डॉक्टरांनी त्यांना पाच आकडे उलटे म्हणायला लावले. काकांना काही ते जमलं नाही. झालं. मांडवात कुजबुज सुरू झाली की वेड्यांच्या डॉक्टरांनी मुलाच्या काकांना तपासलं आणि मान हलवली. मुलीच्या मामांनी घराण्याची चौकशी सुरू केली. शेवटी डॉक्टरांना दोन्ही व्याह्यांसमोर उभं राहून सांगावं लागलं की काका संपूर्ण ठणठणीत आहेत, भुकेले आहेत. त्यानंतर डॉक्टरांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणत असू, लग्नाला निघताना त्यांच्या खिशातून पेन्सिल काढून घेत.

काकूंची दुसरी तक्रार बटणांची होती. त्या पुठ्ठ्यावरच्या चौकटींत सहा तऱ्हेची बटणं जागच्या जागी लावायची असत, आणि बटणं हरवली की डॉक्टर स्वतःच्या शर्टाची कापत. त्यांच्या एकाही शर्टाला सारखी बटणं नव्हती. पण ती बटणं चाचणीत आली कशी, त्याची एक हकिकत आहे. त्यांच्याबद्दल मला पहिल्यांदा आदर वाटला तो त्या दिवशी.

आधी बटणांच्या जागी खुणा होत्या. एक म्हणजे गोल, दोन म्हणजे फुली, असं वर लिहिलेलं असायचं आणि ते बघून खाली पेन्सिलीनं भराभर खुणा काढायच्या. बेटम्याकडची गेंदाबाई नावाची एक बाई आमच्याकडे होती, पन्नाशीची. तिनं पेन्सिल मुठीत धरली, नांगर धरतात तशी, आणि म्हणाली, "यो म्हारे नी आवे, साब." हे मला येत नाही. डॉक्टरांनी आग्रह केला. तिनं दीड मिनिटात दोन फुल्या काढल्या. डॉक्टरांनी शेरा लिहिला आणि मी टाइप केला की विचारशक्ती फार मंदावली आहे, घरची जबाबदारी पेलणार नाही.

आठवड्याभरानं दुपारी आम्ही दोघं बायकांच्या वॉर्डाकडून जात होतो. गेंदाबाई ओट्यावर बसून डाळ निवडत होती. खडे एकीकडे, किडकी डाळ दुसरीकडे, चांगली सुपात. बोटं अशी चालत होती की बघत राहावं. आणि तेवढ्यात मान वर न करता ती एकेका बाईला नावानं हाका मारून आंघोळीला पाठवत होती, कोणाची झाली, कोणाची राहिली, कोणाला आज ताप आहे म्हणून नको. डॉक्टर बराच वेळ उभे राहिले. मग तिच्यासमोर जाऊन मातीतच बसले.

"गेंदाबाई, चूक माझी झाली," ते म्हणाले. "मी तुमचं डोकं तपासलं नाही. तुम्ही शाळेत गेलात का, ते तपासलं."

गेंदाबाईनं सूप खाली ठेवलं नाही. "म्हने तो पेलां ज कई दियो थो," ती म्हणाली. मी तर आधीच सांगितलं होतं.

त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून तो शेरा पुन्हा टाइप करून घेतला आणि जुना कागद फाडू दिला नाही. दोन्ही फायलीत लावले. "चूक दिसली पाहिजे," म्हणाले. संध्याकाळी घरी जाऊन शर्टाची बटणं कापली.

हे सगळं असलं तरी डॉक्टरांना बोलता येत नसे. म्हणजे माणसाला काय ऐकवावं आणि ते कसं ऐकवावं, याचं त्यांना भान नव्हतं. जे दिसलं ते बोलून मोकळे. त्यानं कधी कधी फार नुकसान होई, आणि मधुकरच्या बाबतीत ते झालं.

मधुकर तिशीचा होता. एका मिलमध्ये टाइमकीपर होता, संस्कृतात हुशार, आवाज गोड. आजारात त्यानं दीड वर्ष काढलं. शेजारी आपल्या विचारांवर पाळत ठेवतात असं त्याला वाटायचं, त्यांचे आवाज ऐकू यायचे. गोळ्यांनी ते सगळं गेलं. त्याचे थोरले भाऊ, त्यांना घरात आणि मिलमध्ये सगळेच नाना म्हणत, त्याच मिलच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. दर रविवारी डबा घेऊन यायचे. भाऊ पुन्हा नीट बोलायला लागला म्हणून त्यांनी वॉर्डातल्या सगळ्यांना पेढे वाटले. मोठ्या डॉक्टरांनी घरी न्यायला परवानगी दिली, मिलनं जागा धरून ठेवली होती, सगळं जुळून आलं होतं.

निघायच्या दिवशी आमच्या डॉक्टरांनी मधुकरची चाचणी घेतली. मीच शब्द वाचले. आठातले तीन. दुसऱ्यांदा तीन. तिसऱ्यांदा चार. बटणं लावायला दुप्पट वेळ. आणि शेवटी विचारलं तेव्हा एकच शब्द उरला होता, विहीर.

नाना बाहेर बाकावर होते. डॉक्टर दार उघडून तसेच त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "तुमचा भाऊ बरा झालेला नाही. गप्प झालाय."

नानांचा चेहरा मला अजून आठवतो. ते उठले, कोट नीट केला. "डॉक्टरसाहेब, आमच्या घरात कोणी कधी सेकंड क्लास आणलेला नाही," ते म्हणाले. "दोरी आणि चमचा विचारून तुम्ही त्याला नापास करता?"

"त्याला हजेरीचं काम झेपणार नाही. एका वेळी एकच, साधं काम द्या."

"ते मिल ठरवेल," नाना म्हणाले आणि भावाला घेऊन गेले.

चार महिन्यांनी ते परत आले. मधुकर मागून चालत होता, मान खाली. त्याच्या गालावर वळ होता. नानांनी माझ्या टेबलापाशी येऊन सांगितलं की कायमचं ठेवून घेण्याचा अर्ज टाइप करायचा आहे. आवाज अगदी सपाट होता.

मिलमधली नोकरी दुसऱ्याच महिन्यात गेली होती. हजेरी चुकायची, एका पाळीची माणसं दुसऱ्या पाळीत लागायची. घरी बसला तर सांगितलेलं काम करायचा नाही. नाना म्हणाले, "मुद्दाम टाळतो, बाई. खातो, पितो, झोपतो. कामचोर झालाय. ते आवाज होते ते परवडले, निदान आजारी आहे हे तरी कळत होतं."

आणि मग परवा त्यांनी त्याला तीन कामं सांगितली होती. पत्र पेटीत टाक, घासलेट आण आणि येताना शुभाला बालमंदिरातून घेऊन ये. शुभा नानांची मुलगी, पाच वर्षांची. मधुकरनं घासलेट आणलं आणि घरी येऊन बसला. घरात वाटलं, शुभा शेजारी खेळतेय. बालमंदिर बंद झालं, बाई कुलूप लावून गेल्या. मुलगी काकाची वाट बघत फाटकाशी थांबली, मग चालत निघाली. संध्याकाळी चारला ती टांगा स्टँडवर सापडली. एका टांगेवाल्यानं तिला घोड्याजवळ सावलीत बसवून ठेवलं होतं. तिला घराचा पत्ता सांगता येत नव्हता.

"मी हात उचलला त्याच्यावर," नाना म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा."

डॉक्टर दारात उभे राहून ऐकत होते. मला वाटलं, आता हे म्हणणार की मी सांगितलं होतं. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. पण ते म्हणाले, "नाना, अर्ज टाइप होईल. त्याआधी तुम्ही आठ मिनिटं द्या मला. दोघांनी बसा."

"मी कशाला?"

"तुम्हाला काही झालेलं नाही, म्हणूनच."

त्या दिवशी खोलीत दोन खुर्च्या आणल्या. डॉक्टर आपल्या स्टुलावर. आधी नाना. मी शब्द वाचले, त्यांनी सहा सांगितले. दुसऱ्यांदा आठही. आकडे उलटे, चार, पाच, बिनचूक. बटणं खटाखट. डॉक्टरांनी गुण टिपले. मग मधुकर.

मी वाचलं. तो म्हणाला, "दोरी. विहीर." मग थांबला. त्यानं डोळे मिटले. कपाळावर घाम आला होता, आणि मार्गशीर्षातली सकाळ होती, आम्ही सगळे शालीत होतो. त्यानं डाव्या हाताची नखं उजव्या तळव्यात रोवली होती. "एक मिनिट," तो म्हणाला. "होतं. आत्ता होतं."

नाना त्याच्याकडे बघत होते. इतक्या जवळून, इतका वेळ त्यांनी बहुधा बघितलंच नव्हतं.

मी दुसऱ्यांदा वाचलं. या वेळी तीन. मधुकरनं डोळे उघडले आणि डॉक्टरांकडे नाही, भावाकडे पाहिलं. "नाना, मी करतोय," तो म्हणाला. "राहत नाही आत."

डॉक्टरांनी घड्याळ खिशात टाकलं. चाचणी अर्धी राहिली होती. त्यांनी ती कधीच अर्धी सोडलेली मी पाहिली नव्हती.

नाना उठून व्हरांड्यात गेले. नळाचा आवाज आला. परत आले तेव्हा तोंड ओलं होतं. माझ्या मशीनमध्ये अर्ज चढवलेला होता. ते म्हणाले, "बाई, तो कागद राहू द्या," आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. काही वेळानं डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "तुम्ही तेव्हा सांगितलं होतं."

"मी बरोबर सांगितलं होतं, पण वाईट सांगितलं," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही ऐकून घ्यावं असं नाही सांगितलं. त्या वळात थोडा वाटा माझाही आहे."

पुढच्या रविवारी डॉक्टर त्यांच्या घरी गेले आणि मलाही नेलं. मिलच्या चाळीत दोन खोल्या. नानांच्या पत्नीनं चहा केला. मधुकर तिला वहिनी म्हणे, मग आम्हीही वहिनीच म्हणायला लागलो. डॉक्टरांनी जमिनीवर मांडी घातली आणि मोठं भाषण सुरू केलं, लक्ष म्हणजे काय, स्मृती म्हणजे काय. वहिनी दाराला टेकून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "म्हणजे एक सांगितलं की करतो, दोन सांगितली की एक करतो, आणि तीन सांगितली की जे शेवटी हाताला लागेल ते. हेच ना?"

डॉक्टरांनी भाषण सोडलं. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"तो घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यात. मी यांना म्हटलं होतं. पण हे म्हणाले, तुला काय कळतं त्यातलं."

नाना खिडकीबाहेर बघायला लागले. डॉक्टर चहा विसरले. "मला अकरा वर्षं लागली," ते म्हणाले, आणि खिशातला कागद काढून वहिनी घरात काय काय करून बघतात ते लिहून घ्यायला लागले. एक काम झाल्याशिवाय दुसरं सांगायचं नाही. सांगताना हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघून सांगायचं. त्याच्याकडून एकदा म्हणून घ्यायचं. वॉर्डात पुढे आम्ही हेच चालू केलं, आणि कोणी विचारलं की डॉक्टर सांगत, ही एका बाईंची पद्धत आहे.

निघताना त्यांनी एकच गोष्ट बजावली. काहीही काम द्या, पण मुलीला आणायचं काम नको. वहिनींनी मान हलवली.

मिलनं मधुकरला परत घेतलं नाही. नानांनी जुन्या इंदुरातल्या एका बाइंडरकडे शब्द टाकला. तिथं तो दुपारी जाऊन छापील कागदांच्या घड्या घालायचा. एकच काम, संध्याकाळपर्यंत तेच. घडी फार सुरेख घालतो असं बाइंडर म्हणे. संस्कृतचे श्लोक त्याला अजून पाठ होते, ते गुणगुणत घड्या घालायचा. जुनं सगळं शाबूत होतं, नवीन तेवढं टिकत नव्हतं.

त्याच वर्षी डॉक्टरांनी आपली चाचणी इंग्रजीत लिहून एका मोठ्या मासिकाकडे धाडली. मी तीनदा टाइप केली होती. ती परत आली. लिहिलं होतं, प्रश्न फारच स्थानिक आहेत, वेळ फारच कमी आहे. डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "स्थानिक तर आहेतच. गिलकी त्यांना कुठून माहीत असणार?" पण त्या दिवशी ते सायकल हातात धरून चालत घरी गेले. डॉक्टर जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझा भाचा याच विषयाचा डॉक्टर आहे. तो सांगतो की आता अशा छोट्या चाचण्या जगभर वापरतात, दहा मिनिटांच्या, पंधरा मिनिटांच्या. मी त्याला म्हणते, आमची आठची होती. तो हसतो. त्याला वाटतं, मावशी गंमत करते.

मला मात्र त्या चाचणीचं नाव निघालं की एक सकाळ आठवते. मधुकर दुसऱ्यांदा घरी जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. नियमाप्रमाणे तपासणीसाठी तो आला, बरोबर वहिनी होत्या. अंगात इस्त्रीचा सदरा, तब्येतीनंही जरा भरला होता. डॉक्टर खुशीत होते. वर्षभर घरात नीट राहिलाय, कामाला जातोय, म्हणजे गुण वाढलेले असणार असं त्यांनी धरलं होतं. तसं ते बोलले नाहीत, पण त्यांनी नवी पेन्सिल टोकदार करून ठेवली होती.

शब्दांची यादी दुसरी होती. मी वाचली. तीन. मग तीन. मग चार. आकडे तसेच. बटणांना तेवढाच वेळ. शेवटी एक शब्द.

डॉक्टरांनी जुना कागद काढून शेजारी ठेवला. दोन्ही कागद सारखे होते. ते एकेका रकान्यावरून पेन्सिल फिरवत गेले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

"काही फरक नाही," ते हळूच म्हणाले.

"शुभाला तोच आणतो," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान वर केली. "काय?"

"बालमंदिरातून. तोच आणतो रोज. जुलैपासून."

"मी नको म्हटलं होतं." डॉक्टरांचा आवाज चढला. मी त्यांना पेशंटसमोर चिडलेलं पहिल्यांदाच पाहत होते. "ती मुलगी एकदा रस्त्यावर गेली होती, वहिनी. याचे गुण तेवढेच आहेत. उद्या पुन्हा विसरला तर?"

वहिनींनी पदर सारखा केला. "महिनाभर मी त्याच्या मागे चालले," त्या म्हणाल्या. "लांबून. मग पंधरा दिवस नुसती कोपऱ्यापर्यंत. मग दारात उभी राहायची. सकाळी साडेअकरापर्यंत त्याला घरात कोणी दुसरं काही सांगत नाही. काही म्हणजे काही नाही, पाणी दे असंसुद्धा नाही. यांनासुद्धा मी बजावलंय. आणि शुभाला सांगून ठेवलंय, काका नाही दिसला तर बाईंचा पदर सोडायचा नाही. बाईंनाही सांगितलंय. आता तीन महिने तो एकटाच जातो. एक दिवस चुकला नाही."

डॉक्टर मधुकरकडे वळले. स्टूल थोडं पुढे ओढलं. "भीती वाटते?"

"वाटते," मधुकर म्हणाला. "रोज. निघाल्यापासून तेच म्हणत जातो. शुभा, शुभा, शुभा. लोक बघतात."

"आणि पोचल्यावर?"

मधुकरनं जरा विचार केला. त्याला प्रत्येक उत्तराला वेळ लागायचा, आणि आम्ही तो द्यायला शिकलो होतो. "ती पायरीवर बसलेली असते," तो म्हणाला. "मला बघितलं की चप्पल घालते."

डॉक्टरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. मग मला म्हणाले, "बाई, लिहून घ्या. गुण मागच्याइतकेच. रोज मुलीला घरी आणतो."

मी मशीनवर फॉर्म चढवला होता. शब्द, आकडे, भाज्या, बटणं, सगळ्यांचे रकाने भरले होते. "गुण लिहिले," मी म्हटलं. "पण दुसरं कुठं लिहू? असा रकाना नाही यात."

"नाहीये का?" ते म्हणाले. उठून माझ्या खांद्यावरून त्यांनी फॉर्म पाहिला, तो त्यांनीच बनवलेला होता. "मग पाडा."

मी कागद मशीनमधून काढला, पट्टी ठेवली आणि उजव्या समासात पेन्सिलीनं एक रेघ ओढली.